मायक्रोबिट व्ही-२: शाळेने घ्यावा का, आणि घेतला तर सोबत काय घ्यावं

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शाळेला एकच प्रोग्रामेबल बोर्ड, म्हणजे मुलांनी लिहिलेला प्रोग्राम चालवणारा छोटा उघडा संगणक, घ्यायचा असेल, तर मायक्रोबिट व्ही-२ घ्यावा. निकाल आधीच सांगितला, कारण पुढचं बरंचसं बोर्डाबद्दल नाही, त्याच्या भोवतीच्या सामानाबद्दल आहे. वर्गात तास बुडतो तो बोर्डामुळे क्वचितच. तो बुडतो केबलमुळे, सेलमुळे, तिरप्या लावलेल्या क्लिपेमुळे. शाळा बोर्डांवर पैसे घालतात आणि ही दोन-चार रुपयांपासून शंभर-दीडशेपर्यंतची सामग्री यादीतून गळते.

हा बोर्ड मूळचा ब्रिटनमधला. बीबीसीच्या पुढाकाराने २०१६ साली तिथल्या अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना तो फुकट वाटला गेला. बनवतानाच डोळ्यांसमोर शाळकरी मूल होतं, हे त्याच्या रचनेत दिसतं. साधारण पाच सेंटिमीटर लांब आणि चार रुंद अशा पट्टीवर २५ लाल दिवे, ए आणि बी अशी दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर, होकायंत्र, तापमान, उजेड, रेडिओ, ब्लूटूथ हे सगळं आधीच बसवलेलं आहे. व्ही-२ मध्ये स्पीकर, माइक आणि स्पर्श ओळखणारा लोगो यांची भर पडली. म्हणजे पहिल्या तासाला एकही वायर न जोडता मुलं पावलं मोजणारं यंत्र किंवा टाळीवर लागणारा दिवा करून बघू शकतात. चाळीस मिनिटांच्या तासात हे फार मोलाचं आहे.

घेताना एवढं बघाच: हातात येणारा बोर्ड व्ही-२ आहे ना. जुना व्ही-१ अजून काही ठिकाणी साठ्यातून विकला जातो. व्ही-१ ची मेमरी १६ केबी, व्ही-२ ची १२८ केबी; व्ही-१ वर स्पीकर नाही, माइक नाही, नोंदी साठवायची सोयही नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे खालची सोनेरी कड. व्ही-१ ची कड सरळ असते, व्ही-२ च्या कडेला मोठ्या भोकांजवळ खाचा असतात आणि वरच्या लोगोलाही सोनेरी रेघ असते.

प्रोग्राम लिहायला मेककोड हे ब्राउझरमध्ये चालणारं साधन वापरायचं. ठोकळे ओढून जोडायचे, शेजारच्या चित्रातल्या बोर्डावर चालवून बघायचं, मग खऱ्या बोर्डात उतरवायचं. क्रोम किंवा एज ब्राउझर असेल तर बोर्ड थेट जोडला जातो. नसेल तर फाईल डाउनलोड करून 'मायक्रोबिट' नावाच्या ड्राइव्हवर पेनड्राइव्हसारखी टाकायची. वेगळा ड्रायव्हर लागत नाही, त्यामुळे शाळेतले जुने संगणकही चालून जातात. नेट बेभरवशाचं असेल तर विंडोजसाठी ऑफलाइन अॅप आहे. ते सगळ्या संगणकांवर आदल्या दिवशी टाकून ठेवा.

आता पहिली अडचण. बोर्ड लावला, दिवा लागला, पण ड्राइव्ह दिसत नाही. दहातल्या नऊ वेळा दोष केबलचा असतो. घरातून आणलेल्या बऱ्याच मायक्रो-यूएसबी केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात डेटाच्या दोन तारा नसतातच. बाहेरून फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक केबल एकदा संगणकाला लावून बघा, ड्राइव्ह दिसली तर तिच्यावर हिरवी टेप गुंडाळा, आणि बिनटेपेची केबल प्रयोगशाळेत ठेवूच नका. केबल काढताना मुलं बोर्ड हलवून ओढतात आणि बोर्डावरचं सॉकेट ढिलं होतं. बोर्ड एका हाताने टेबलावर धरायचा आणि प्लग सरळ मागे ओढायचा, ही सवय पहिल्याच तासाला लावलेली बरी.

दुसरी अडचण मागच्या रिसेट बटणाची. हे बटण दाबून धरून केबल लावली की ड्राइव्हचं नाव 'मेंटेनन्स' असं दिसतं आणि त्यावर टाकलेला प्रोग्राम चालत नाही. काही बिघडलेलं नसतं. केबल काढून बटणाला हात न लावता पुन्हा लावायची. व्ही-२ वर हेच बटण चालू-बंद करण्याचंही आहे. चार-पाच सेकंद दाबून ठेवलं की बोर्ड झोपतो आणि मुलं "सर, मेला" म्हणून घेऊन येतात. एकदा दाबलं की उठतो.

पडद्याची मर्यादा मराठी शाळेला लगेच जाणवते. बोर्ड अक्षरं सरकवून दाखवतो ती फक्त रोमन. देवनागरी हवी असेल तर पाच बाय पाचच्या चौकटीत दिवे लावून अक्षर स्वतः काढावं लागतं. 'प' छान येतो: वरची ओळ पूर्ण, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत पहिला आणि चौथा दिवा, चौथ्या ओळीत दुसरा, तिसरा, चौथा, आणि शेवटच्या ओळीत फक्त चौथा. तेरा दिव्यांत 'प'. पण 'म' आणि 'भ' यांच्यातला फरक दाखवायला जागा उरत नाही, जोडाक्षरांचं तर नावच नको. तरीही हा तास जरूर घ्या. अक्षराचं वळण नेमकं कशाने ओळखू येतं, याचा विचार मुलं या २५ चौकटींमुळे करायला लागतात. चौकटीच्या वहीत आधी पेन्सिलने काढायचं, मग मेककोडमध्ये.

खरी गंमत बाहेरच्या जोडण्यांत आहे. बोर्डाच्या खालच्या कडेला पाच मोठी भोकं आहेत, त्यांनाच पिना म्हणतात: पी०, पी१, पी२, ३ व्होल्ट आणि ग्राउंड, म्हणजे ऋण टोक. त्यांना मगरी चिमटे, म्हणजे क्रोकोडाइल क्लिपा, लावायच्या. क्लिप तिरपी बसली तर तिचा दात शेजारच्या बारीक पट्टीला टेकतो आणि प्रोग्राम बरोबर असूनही भलतंच काही होतं. क्लिप कडेला काटकोनात, भोकात दात जाईल अशी लावायची. याहून टिकाऊ उपाय म्हणजे ३ मिलिमीटरचे नट-बोल्ट. भोक ४ मिलिमीटरचं आहे, बोल्ट आरामात जातो. वायरचं सोललेलं टोक वॉशरखाली गुंडाळून नट हाताने आवळायचा. पक्कड लावू नका, सोनेरी थर खरवडतो. आठवडाभर चालणारा प्रयोग असेल तर क्लिपा सुटतात, बोल्ट सुटत नाहीत.

बोर्डाची मागची बाजू उघडी असते. लोखंडी बाकावर किंवा कंपासपेटीच्या झाकणावर ठेवला की शॉर्ट होऊ शकतो. मुलांचं पहिलं हातकाम म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्याचं घर करून घ्या. दोन थरांचा पुठ्ठा, समोर दिव्यांसाठी खिडकी, बाजूला बटणांसाठी भोकं, खाली पिना मोकळ्या आणि सगळं दोन रबरबँडनी बांधलेलं. दुहेरी चिकटपट्टीने बोर्ड चिकटवू नका. काढताना बारीक भाग उखडतात.

कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजणं हा सगळ्यात लोकप्रिय प्रयोग आहे आणि सगळ्यात जास्त वेळा तोच चुकीचा केला जातो. सहसा सांगितलं जातं की एक खिळा ३ व्होल्टला जोडा, दुसरा पी० ला, आणि आकडा वाचा. आकडा ० ते १०२३ च्या दरम्यान येतो. पण यात तीन दोष आहेत.

एक, पिन मोकळी लटकते. माती कोरडी असली तरी आकडा शून्यावर येत नाही, हात जवळ नेला तरी हलतो. यावर उपाय १० किलोओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटा भाग, वाचायच्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत. आता माती आणि रेझिस्टर यांच्यात व्होल्टेजची वाटणी होते. मातीचा रोधही १० किलोओहम असेल तर आकडा निम्मा, म्हणजे ५१२ च्या आसपास येतो. आठवीच्या मुलाला हे गणित कागदावर करता येतं आणि मग मीटरने पडताळता येतं.

दोन, खिळे गंजतात. सतत वीज वाहत राहिली की ओल्या मातीत विद्युत अपघटन होतं आणि धन टोकाचा खिळा झिजत जातो. जस्ताचा मुलामा असलेला खिळासुद्धा काही दिवसांत काळा पडतो आणि आकडे खोटे यायला लागतात. म्हणून धन खिळा ३ व्होल्टला न जोडता पी१ ला जोडायचा. प्रोग्राममध्ये पी१ चालू करायची, क्षणभर थांबायचं, वाचायचं, पी१ बंद करायची, आणि हे तासातून एकदाच. कुंडीला त्याहून जास्त वेळा विचारायची गरज नसते.

तीन, आणि हा दोष बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: व्ही-२ वर आवाजाचा ठोकळा वापरला की आवाज स्पीकरबरोबर पी० मधूनही बाहेर पडतो. माती कोरडी झाल्यावर गजर वाजवायचा म्हटलं की पी० वरचं वाचन बिघडतं आणि मुलं तासभर प्रोग्राम तपासत बसतात. सेन्सर सुरुवातीपासून पी२ वरच घ्या, प्रश्नच मिटतो.

दोन खिळ्यांतलं अंतर आणि खोली सगळ्या गटांत सारखी हवी, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही. थर्माकोलच्या किंवा लाकडाच्या तुकड्यात ३ सेंटिमीटर अंतरावर दोन्ही खिळे ठोकून घ्या. आणि वाचन दाखवताना आकडा सरकवू नका. तीन आकडी संख्या सरकायला वेळ लागतो, तोवर पुढचं वाचन थांबतं आणि बोर्ड आळशी वाटतो. पट्ट्यांचा आलेख दाखवणारा ठोकळा वापरा.

पुढची पायरी मोटरची, आणि इथे बोर्ड सगळ्यात जास्त बिघडतात. पिनेतून काही मिलिअँपच मिळतात. एक एलईडी रेझिस्टर लावून चालतो, मोटर चालत नाही. ३ व्होल्टच्या भोकातून बाहेरच्या सगळ्या सामानाला मिळून जास्तीत जास्त २०० मिलिअँप घेता येतात. निळा छोटा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी मोटर), एसजी-९०, रिकामा फिरताना कसाबसा त्यात बसतो, पण त्याची फिरणारी पट्टी अडकली की सहाशे-सातशे मिलिअँप मागतो. मग व्होल्टेज कोसळतं, बोर्ड पुन्हा सुरू होतो, सर्व्हो पुन्हा झटका देतो, आणि हे चक्र चालू राहतं. मुलांना वाटतं प्रोग्राम चुकला. सर्व्होला चार सेलचा वेगळा डबा द्यायचा, सिग्नलची वायर बोर्डाच्या पिनेला, आणि डब्याचं ऋण टोक बोर्डाच्या ग्राउंडला. ही शेवटची वायर विसरली जाते. दोघांचं ग्राउंड एक नसेल तर सिग्नल कशाच्या तुलनेत मोजायचा हेच सर्व्होला कळत नाही आणि तो थरथरत राहतो.

मुलांच्या छोट्या गाडीच्या पिवळ्या बीओ मोटरना ड्रायव्हर लागतो, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला सेलची वीज देणारी छोटी पट्टी. बाजारात लाल रंगाचा एल-२९८ सर्रास दिला जातो, पण चार सेलवर तो घेऊ नका. त्यात जवळजवळ दोन व्होल्ट उष्णतेत जातात आणि मोटरला उरतात तीनच्या आत-बाहेर. एल-९११० किंवा डीआरव्ही-८८३३ छोटा असतो, स्वस्त असतो आणि कमी व्होल्टेजवर नीट चालतो.

सेलबद्दल थोडं सविस्तर. बोर्डाला ट्रिपल-ए आकाराचे दोन सेल पुरतात. डबा स्विचवालाच घ्या. बिनस्विचचा डबा बंद करायचा म्हणजे पांढरा छोटा प्लग उपसायचा, आणि मुलं तो वायरीला धरून ओढतात. महिन्याभरात वायर मुळातून तुटते. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल घेतले तर दोन सेलचे २.४ व्होल्ट होतात, बोर्ड तेवढ्यावर चालतो. मोबाइलच्या चार्जरवर किंवा पॉवरबँकवर बोर्ड लावायचा मोह टाळा, बोर्ड बनवणारी संस्थाही ते करू नका असंच सांगते. ड्रोनमधला किंवा जुन्या मोबाइलमधला लिथियम सेल तर थेट लावूच नका. पूर्ण भरलेला असताना तो ४.२ व्होल्ट देतो आणि ३ व्होल्टच्या भोकाची सहनशक्ती ३.६ पर्यंतच आहे.

रेडिओ हा या बोर्डाचा सगळ्यात सुंदर भाग. दोन बोर्ड वायरविना एकमेकांना निरोप देतात, नेट लागत नाही, वायफाय लागत नाही. एकच ग्रुप क्रमांक असलेले बोर्डच एकमेकांचं ऐकतात, आणि तो ० ते २५५ पैकी कोणताही. पुस्तकी उदाहरणात ग्रुप १ असतो, सगळे गट तोच ठेवतात आणि मग एकाचा निरोप सगळ्यांच्या पडद्यावर. प्रत्येक जोडीने दोघांपैकी एकाचा हजेरी क्रमांक ग्रुप म्हणून घ्यावा. क्रमांक दिलाच नाही, तर दोन वेगळे प्रोग्राम एकमेकांना ऐकू येतीलच असं नाही. मेककोडमध्ये रेडिओ आणि ब्लूटूथ एका प्रोग्राममध्ये चालत नाहीत, हेही आधी सांगून टाका.

तापमानाचा सेन्सर प्रोसेसरच्या आत आहे. तो हवेचं नाही, स्वतःच्या चिपचं तापमान सांगतो, पूर्ण अंशांत, आणि खोलीपेक्षा थोडं जास्त. दोष म्हणून नाही, धडा म्हणून वापरा: शेजारी साधा तापमापक ठेवायचा, फरक काढायचा, प्रोग्राममध्ये तेवढा वजा करायचा. व्ही-२ वर नोंदी साठवता येतात, त्यामुळे एक चांगला प्रयोग जमतो. एक बोर्ड पत्र्याच्या वर्गात, दुसरा मंगलोरी कौलांच्या वर्गात. आधी दोन्ही अर्धा तास शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक टिपायचा, मग दर ५ मिनिटांना एक नोंद. आठ तासांत ९६ ओळी होतात. संध्याकाळी बोर्ड संगणकाला लावला की 'माय-डेटा' नावाच्या फाईलमध्ये तक्ता तयार असतो, आलेखही तिथेच दिसतो. नवा प्रोग्राम टाकला की जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून फाईल आधी उतरवून घ्या. बोर्डावर ऊन थेट पडू देऊ नका, नाहीतर छपराऐवजी उन्हाचंच मोजमाप होईल.

होकायंत्र मात्र शाळेत फारसं कामाचं नाही. नवा प्रोग्राम टाकला की ते जुळवायला बोर्ड गोल तिरपा करून पडद्यावरचे सगळे दिवे भरावे लागतात, आणि लोखंडी बाकाजवळ, सेलच्या डब्याजवळ किंवा मोटरजवळ दिशा चुकते. मैदानावर नेला तर ठीक.

आर्डुइनो उनो या दुसऱ्या लोकप्रिय बोर्डाशी तुलना होणारच. एका मायक्रोबिटच्या पैशांत उनोचे दोन-तीन क्लोन, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या नकला, येतात, पिना जास्त, ५ व्होल्टचे सेन्सर थेट चालतात, आणि पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटं सामान सहज मिळतं. नववी-दहावीला उनो योग्य. पण सहावीला ब्रेडबोर्डच्या, म्हणजे न झाळता वायरी खोचायच्या जाळीच्या, भोकांत एक वायर एक घर सरकली की काहीच चालत नाही, आणि चूक वायरीत आहे की प्रोग्राममध्ये हे त्या वयात शोधता येत नाही. क्लोनसाठी बऱ्याचदा संगणकात सीएच-३४० या चिपचा ड्रायव्हर (सॉफ्टवेअर) टाकावा लागतो. शाळेच्या संगणकाचा अॅडमिन पासवर्ड कोणाकडे आहे, इथूनच तो तास सुरू होतो.

वीस मुलांच्या तुकडीसाठी सामान असं धरा. दोघांत एक याप्रमाणे दहा बोर्ड आणि दोन राखीव. तपासलेल्या पंधरा केबली. स्विचवाले बारा डबे, ट्रिपल-ए आकाराचे २४ निकेल सेल आणि एका वेळी निदान आठ सेल भरणारा चार्जर. मगरी चिमट्यांच्या ६० वायरी. स्वस्तातल्या चिमट्यांत तार नुसती दाबलेली असते, रबर मागे सरकवून झाळलेली आहे का ते बघा. ३ मिलिमीटरचे ६० नट-बोल्ट आणि वॉशर, १० किलोओहम आणि २२० ओहमचे प्रत्येकी पन्नास रेझिस्टर, जस्ताचे खिळे पाव किलो, सर्व्हो बारा, मोटर ड्रायव्हर सहा, मल्टिमीटर दोन. पुठ्ठा किराणा दुकानातून फुकट मिळतो.

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतली शाळेतली प्रयोगशाळा, मिळालेल्या शाळांना उभारणीसाठी आणि पाच वर्षांच्या खर्चासाठी मिळून २० लाखांपर्यंत अनुदान असतं, त्यांनी यातलं सगळं घ्यावं आणि खर्चाच्या भागातून दर वर्षी केबल, सेल, चिमटे नवे घेत राहावं. ज्या शाळेकडे मोजकेच पैसे आहेत आणि ज्या मुलांनी अजून सेल, दिवा आणि स्विच हातांनी जोडलेला नाही, तिथे हा बोर्ड या वर्षी घेऊ नये. आधी सोल्डरगन, पक्कड, करवत, मीटर आणि वायरी घ्याव्यात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रम या संस्थेने १९८३ पासून हाच रस्ता धरला आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी तिथे मुलांच्या हाती गावाला लागणारी खरी कामं दिली, आणि २००२ साली तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा, आली ती हातांना आधीच कामाची सवय असलेल्या मुलांसाठी. त्या क्रमाने आलेला मायक्रोबिट मुलांच्या हातात अवजार असतो. उलट क्रमाने आला तर खेळणं होतो आणि दोन महिन्यांत बाजूला पडतो.

माल आला की त्याच दिवशी एक तास काढा. प्रत्येक बोर्डाला दोन सेल लावा. आत आधीच भरलेला नमुना प्रोग्राम सुरू होतो आणि बटणं दाबायला, हलवायला सांगतो. सगळे २५ दिवे लागतात का ते बघा, स्पीकर ऐका, बोर्ड संगणकाला लावून ड्राइव्ह दिसते का ते तपासा. पास झालेल्या बोर्डाच्या मागे नेलपॉलिशने क्रमांक घाला, तोच क्रमांक डब्यावर आणि केबलवर. बंद निघालेला बोर्ड किती दिवसांत बदलून मिळेल, हे दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या. बरेच जण सात दिवस म्हणतात आणि शाळेचं खोकं महिनाभर कार्यालयात न उघडता पडून असतं.